आपल्या गाडीचा टायमिंग बेल्ट

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका समूहाच्या माजी खजिनदार ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत.)



बोलायच्या आधी ही पिशवी पुढच्या ओळीत देते. आत एक काळा रबरी पट्टा आहे, तुटलेला. हातात घ्या, बघा आणि मागं सरकवा. बोटं काळी होतील, त्याला इलाज नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दाते आहेत, ते बोटाने चाचपून बघा. एके ठिकाणी चार-पाच दाते साफ गेलेत, तिथं नुसता गुळगुळीत पट्टा लागेल. कडेला दोरे सुटलेत. हा आमच्या समूहाच्या गाडीचा टायमिंग बेल्ट. हा तुटला आणि आमचे ४१ हजार गेले. तो तुटण्याआधी बदलायचा झाला असता तर साडेपाच हजारांत काम होत होतं. ते साडेपाच हजार ज्या बाईने नामंजूर केले ती मीच, म्हणून आज मला बोलायला उभं केलंय.

आता आपल्या प्रभागात बऱ्याच समूहांकडे गाड्या आहेत. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आली, तेव्हापासून बायका गाडीचा धंदा करायला लागल्या. कुणी योजनेतून घेतली, कुणी आमच्यासारखी समूहाच्या कर्जातून जुनी घेतली. ज्यांच्याकडे बॅटरीवरची रिक्षा आहे त्यांनी आजचं बोलणं नुसतं ऐकलं तरी चालेल, त्यांच्या गाडीला इंजिनच नाही. पेट्रोल-डिझेलवाल्यांनी मात्र नीट ऐका.

आमची गाडी डिझेलची, तिसऱ्या हातातली. विकणाऱ्याने बोनेट उघडून दाखवलं, म्हणाला, "ताई, बेल्ट बघा, नवा कोरा टाकलाय." आम्ही वाकून बघितलं. खरंच चकचकीत पट्टा होता. आम्ही खूश. तो फॅन बेल्ट होता. फॅन बेल्ट इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला असतो, उघडा दिसतो, त्यावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चालतो. टायमिंग बेल्ट प्लॅस्टिकच्या झाकणाच्या आत असतो आणि झाकण काढल्याशिवाय कुणाला दिसत नाही. तो माणूस खोटं बोलला असंही म्हणता येत नाही, बेल्ट नवाच होता. आम्हाला दोन बेल्ट असतात हेच ठाऊक नव्हतं.

गाडी चालवायला आमच्याच समूहातली एक सूनबाई. लायसन काढलेली, हात चांगला. तीन-चार महिन्यांनी ती सर्व्हिसिंगला गेली तेव्हा मिस्त्रीने विचारलं, टायमिंग बेल्ट कधी बदललाय? तिला माहीत नव्हतं. तो म्हणाला, माहीत नाही म्हणजे बदलला नाही असं धरा आणि बदलून घ्या. तिने मासिक बैठकीत विषय मांडला. खर्च साडेपाच हजार. त्या महिन्यात कर्जाचा हप्ता, विमा, दोन टायर, सगळं एकदम आलं होतं. मी खजिनदार. मी म्हणाले, "बेल्ट नवाय, आपण डोळ्यांनी बघितलाय. आणि गाडी चालतीया न्हवं? मग कशाला?" सगळ्यांनी माना हलवल्या. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'बेल्टचा खर्च तूर्त नामंजूर.' खाली माझी सही.

त्यानंतर सहा महिने गाडी चालली. चालली म्हणून मला वाटलं मीच बरोबर होते.

मग एके दिवशी शेवया, कुरडया आणि बाजरीच्या पिठाची पाकिटं घेऊन चौघी साताऱ्याला प्रदर्शनाला निघाल्या होत्या. सालपे घाटात चढावर गाडी एकदम बंद पडली. धूर नाही, आवाज नाही, आधी काही खोड नाही. चालता दिवा फुंकून विझवावा तशी. पोरीने हँडब्रेक ओढला, बायकांना उतरवलं, चाकाला दगड लावले. तिथवर तिने सगळं बरोबर केलं. मग रस्त्यावरचे दोघं थांबले आणि म्हणाले, मारा परत सेल्फ. दहा-बारा वेळा सेल्फ मारला. स्टार्टर नुसता गरगर, हलका-हलका फिरत होता, एरवी इंजिन कसं धक्के देत घुमतं तसं काही नाही. मग ढकलून बघितलं. गॅरेजवाल्याने नंतर सांगितलं, तिथंच थांबला असता तर कदाचित थोडं कमी मोडलं असतं.

मोडलं म्हणजे काय, हे मला मिस्त्रीने तीनदा सांगितलं आणि तीनदाही कळलं नाही. शेवटी आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, हे म्हंजे दोघींनी कांडल्यागत हाय." तेव्हा डोक्यात शिरलं. एका उखळात दोघी समोरासमोर उभ्या राहून कांडतात. एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. ताल चुकला की मुसळावर मुसळ. इंजिनातही तसंच. खालून पिस्टन वर येतो आणि वरून व्हॉल्व्ह खाली उघडतात, हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला. जागा तीच, वेळ वेगळी. पिस्टन फिरवणारा क्रँक दोनदा फिरला की व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकदा फिरायला पाहिजे, म्हणून वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल तर एकेक व्हॉल्व्ह मिनिटात दीड हजार वेळा उघडतो आणि मिटतो. एवढ्या घाईत दोघांचा ताल धरायचं काम हा एक पट्टा करतो.

म्हणून त्याला दाते आहेत. पायाच्या शिलाई मशीनची वादी सैल झाली की घसरते, टाका थांबतो, आपण वादी कापून आखूड करतो, काम पुढं चालू. गिरणीचा पट्टा घसरला तर राळ लावतात. इथं घसरणं परवडतच नाही. दोन-चार दाते सुटून पट्टा पुढं सरकला तरी ताल बिघडतो, आणि तुटला तर कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. आमचे सहा व्हॉल्व्ह वाकले. हेड उतरवावं लागलं. सगळ्या गाड्यांचं असं होत नाही, काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात एवढं अंतर असतं की बेल्ट तुटला तरी गाडी फक्त थांबते. पण डिझेलच्या गाडीत ती आशा ठेवू नका. आपली कुठल्या जातीची आहे ते मिस्त्रीला विचारून ठेवा.

दुसरंही एक विचारा, आपल्या गाडीला बेल्ट आहे की साखळी. बऱ्याच नव्या इंजिनांत टायमिंगची साखळी असते. ती इंजिनच्या ऑइलमध्ये चालते, पुष्कळ टिकते, आणि ढिली झाली की सकाळी गाडी चालू करताना खडखड करून सांगते तरी. तिथं ऑइल वेळेवर बदलणं एवढंच आपलं काम. बेल्ट सांगत नाही. फॅन बेल्टसुद्धा ढिला झाला की चिरकतो. हा मुका आहे.

आता तो बघायचा कसा. नट खोलून काम आपण करायचं नाही, ते मिस्त्रीचं काम. पण झाकण काढायला लावायचं, शेजारी उभं राहायचं, आणि काय बघायचं ते आपल्याला ठाऊक असायचं.

पहिलं आपल्या अंगावरचं. पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा, वेणी आत. धातूच्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढून रुमालात बांधा किंवा निदान मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाका. बॅटरीच्या दोन्ही टोकांना बांगडी टेकली तर ठिणगी उडून हात भाजतो. गाडी पूर्ण गार झालेली हवी, किल्ली काढून स्वतःच्या हातात, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली. रेडिएटरचा पंखा विजेचा असेल तर इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो, म्हणून ही वायर. चालू इंजिनात झाकण काढून डोकावायचं तर नावच काढू नका, कुणी कितीही धीट असलं तरी.

झाकण निघालं की मोबाइलचा उजेड टाका. आधी बेल्टकडे नको, झाकणाच्या आत बघा. कोपऱ्यात काळा भुगा साठलाय का? तो बेल्टचा भुगा. म्हणजे तो झिजतोय. तेलाचा ओलावा दिसतोय का? इंजिनचं सील गळत असेल तर ऑइल बेल्टवर येतं आणि रबर फुगून मऊ पडतं. पाणी गळत असेल तर तेही वाईट. तेल लागलेला बेल्ट पुसून चालत नाही, रॉकेलने किंवा पेट्रोलने धुतला तर आणखी लवकर जातो. गळती थांबवायची आणि बेल्ट नवा घालायचा.

मग बेल्ट. पाठीवर आडव्या बारीक चिरा आहेत का, आपल्या टाचेला पडतात तशा. दात्यांच्या मुळाशी चीर आहे का, ही जास्त वाईट, कारण दाता तिथूनच तुटतो. कडा बघा, दोरे निघालेत का. कडेचे दोरे निघत असतील तर बेल्ट सरळ चालत नाही, एखादं चाक वाकडं आहे किंवा बेअरिंग गेलंय, नुसता बेल्ट बदलून भागायचं नाही. पाठ आरशासारखी चमकत असेल तर रबर कडक झालंय. नखाने दाबून बघा, चांगल्या रबरावर नख थोडं रुततं.

एका वेळी वीतभरच बेल्ट दिसतो. बाकीचा बघायचा तर इंजिन हाताने फिरवायला हवं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, चाकाला दगड, आणि मिस्त्री खालच्या क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवतो. इंजिन चालताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, उलट नाही. बेल्ट ओढून फिरवत असेल तर थांबवा त्याला. वरच्या कॅमच्या चाकाला पाना लावत असेल तरी थांबवा. मला थांबवता आलं, म्हणजे तुम्हालाही येईल. मिस्त्री म्हणाला, "ताई, तुम्ही कुठं शिकला?" मी म्हटलं, "४१ हजार फी भरून."

ताण. दोन चाकांमधला बेल्टचा सगळ्यात लांब सरळ भाग असतो, तो अंगठा आणि पहिलं बोट यांत धरून पिळायचा. साधारण पाव फेरा, म्हणजे आडवा बेल्ट उभा होईल एवढा पिळला गेला आणि तिथं अडला तर ताण ठीक. सहज त्याच्या पुढं फिरला तर सैल. तिथवर पोचतच नसेल तर जास्त ताणलाय. जास्त ताणलेला बेल्ट गाडी चालताना घूंऽऽ असा आवाज काढतो आणि बेअरिंग खातो. सैल असेल तर झाकणाला फटफट लागतो आणि एखाद्या दिवशी दाता सोडतो. पण ही पाव फेऱ्याची रीत जुन्या, हाताने ताण लावायच्या गाड्यांची. पुष्कळ गाड्यांत स्प्रिंगचा किंवा तेलाच्या दाबाचा टेन्शनर असतो, तो आपोआप ताण धरतो. तिथं पिळून अंदाज घ्यायचा नाही, टेन्शनरवरचा काटा खुणेवर आहे का ते बघायचं. कुठल्या गाडीला काय, ते गाडीच्या पुस्तकात असतं. जुनी गाडी घेताना पुस्तक मागून घेत जा. आम्ही स्टेपनी मागितली, जॅक मागितला, देवाचा फोटोसुद्धा ठेवून घेतला, पुस्तक नाही मागितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. वर सांगितलेलं सगळं बघून बेल्ट छान दिसला, तरी तो छान असेलच असं नाही. रबराच्या आत काचेच्या धाग्यांचे दोरे असतात, खरा भार ते ओढतात. ते आतून तुटत जातात आणि वरून काही दिसत नाही. बघून वाईट दिसला तर बदलाच. बघून चांगला दिसला तर तारीख बघा. प्रत्येक कंपनीने किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते लिहिलेलं असतं, दोन्हींतलं जे आधी येईल ते धरायचं. काही गाड्यांना ६० हजार असतं, काहींना लाखभर. वर्षं यासाठी, की गाडी दारात उभी राहिली तरी रबराचं वय वाढतं. आणि जुन्या गाडीच्या मीटरवर विसंबू नका, ते मागं फिरवलेलं असू शकतं. बिल हाताशी नसेल तर बेल्ट बदललेला नाही.

बिलावरही शब्द बघा. नुसतं 'बेल्ट' लिहिलं असेल तर परत लिहून घ्या, 'टायमिंग बेल्ट, टेन्शनर', आणि किती किलोमीटरला बदलला तो आकडा. टेन्शनर आणि त्याच्या जोडीचं बेअरिंग त्याच वेळी बदला. काही गाड्यांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर चालतो, असेल तर तोही तेव्हाच. मजुरी सगळी खोलण्याची असते. पंप सहा महिन्यांनी गळायला लागला की तेवढीच मजुरी पुन्हा, आणि पाणी नव्या बेल्टवर. काढलेला जुना बेल्ट पुन्हा घालू देऊ नका. नवा बेल्ट खिशात कोंबलेला, घडी घातलेला दिला तर घेऊ नका, मुडपला की आतले दोरे मोडतात.

पैशाचं. आमच्या गाडीचं सगळं सामान आणि मजुरी धरून आता सहा हजार लागतात, पुस्तकाप्रमाणे मुदत ६० हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला दहा पैसे. आमची गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर चालते, त्याचे १५० रुपये. ते आम्ही गाडीच्या वहीत वेगळ्या पानावर टाकतो आणि त्याला हात लावत नाही. महिना १५० रुपयांना 'नामंजूर' म्हणायची मलासुद्धा हिंमत झाली नसती.

आता राहिलं ते सांगायला मला जड जातंय, पण तेही सांगते.

गाडी २३ दिवस गॅरेजला होती. मधे ९ तारीख येऊन गेली. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, आमची गाडी पाच-सहा जणींना घेऊन जाते. त्या महिन्यात दोघी मोटारसायकलवर मागं बसून गेल्या, एक गेलीच नाही. हप्ता बचतीतून भरला. आणि गावात एकच वाक्य, बाईच्या हातात गाडी दिली की असंच होणार. आमच्या बैठकीतही तेच झालं. तिने घाटात गिअर चुकीचा टाकला असेल, रेस दिली असेल. शेवटी ठरलं, तिच्या मेहनतान्यातून महिना ५०० कापायचे. मी तिथंच बसले होते. मला ठाऊक होतं. मिस्त्रीने मला सांगितलं होतं की बेल्ट वयाने गेलाय, चालवणारीचा काही दोष नाही. मी गप्प बसले. दोन महिने तिचे पैसे कापले गेले. ती काही बोलली नाही, फक्त हिशेबाच्या वहीवर सही करताना माझ्याकडं बघायची नाही.

तिसऱ्या महिन्यात सचिव ताई दुसरंच काही शोधायला जुनं इतिवृत्त चाळत होत्या आणि ते पान उघडलं. त्यांनी वाचलं, आणि पुढं सरकल्या असत्या. मी म्हटलं, थांबा, ते परत वाचा, मोठ्यांदा. मग मिस्त्री काय म्हणाला तेही सांगितलं. तिचे हजार रुपये त्याच बैठकीत परत दिले आणि खजिनदारकी मी सोडली. कुणी मागितली नव्हती, पण सोडली. तिच्या घरी जाऊन सासूबाईंनाही सांगितलं, कारण त्या तिला पुन्हा गाडीवर पाठवायला तयार नव्हत्या. त्यांनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी पोरगी परत गाडीवर आली.

आता आमच्याकडे गाडीच्या खर्चाचा विषय आला की चालवणारीचं म्हणणं आधी लिहून घेतात, तिच्याच शब्दांत, आणि नाही म्हणायचं असेल तर का, ते नाव घालून लिहितात.

पिशवी कुठवर आली? शेवटच्या ओळीत पोचली का? बरं. बाहेर आमची गाडी उभी आहे, सकाळपासून, गार झाली असेल. मिस्त्रीभाऊही आलेत, झाकण काढून ठेवतील. जेवणं झाली की पाच-पाच जणी या. बांगड्या आणि मंगळसूत्रं ठेवायला ताट ठेवलंय, तिथं आमची सचिव बसेल. आणि कुठला पट्टा कसला ते सूनबाई दाखवेल, मी नाही. तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.